पोत्यावरचं नाव, पातेल्यातला वास

पुण्यात गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या भुसार विभागाच्या मागच्या अंगाला, तांदळाचं एक जुनं दुकान आहे. पाटीवर दुकानाचं नाव नाही. ‘सर्व प्रकारचा तांदूळ, घाऊक व किरकोळ’ एवढंच रंगवलेलं आहे, त्यामुळे मलाही नाव सांगता येत नाही. खूण सांगते: चहाच्या टपरीला लागून दोन पायऱ्या, आणि आत शिरल्यावर डाव्या हाताला उघड्या पोत्यांची रांग. मी बिबवेवाडीत डबे करते. तांदूळ हा माझा रोजचा माल, आणि गेली काही वर्षं तो मी इथूनच भरते. आंबेमोहोर म्हणून घरी आणला आणि कुकर उघडल्यावर कसलाच वास आला नाही, असं ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

इथे प्रत्येक पोत्यात एक पुठ्ठा खोचलेला असतो. त्यावर निळ्या स्केचपेननं जात, गाव, नवा की जुना आणि भाव. ‘इंद्रायणी, मावळ, नवा.’ ‘इंद्रायणी, मावळ, जुना.’ ‘आंबेमोहोर, मुळशी, नवा.’ ‘घनसाळ, आजरा.’ ‘कोलम, वाडा.’ आणि त्याच ओळीत एका पोत्यावर: ‘आंध्रचा बारीक, सुवासिक. आंबेमोहोर नव्हे.’ हा शेवटचा पुठ्ठा वाचला आणि मी तिथली कायमची गिऱ्हाईक झाले. तो तांदूळ वाईट नाही, उलट चांगला आहे. पण दिसायला तो आंबेमोहोराच्या इतका जवळचा की बहुतेक ठिकाणी तो बिनधास्त त्याच नावानं खपतो. इथल्या काकांनी ते दोन शब्द स्वतःच्या हातानं लिहून स्वतःचा नफा कमी करून घेतलाय.

आंबेमोहोराच्या नावाला एवढं जपायचं कारण आहे. आपल्याकडच्या तांदळांची नावं बघा. जिरेसाळ म्हटलं की जिऱ्यासारखा बारीक दाणा डोळ्यापुढे येतो. काळभात म्हणजे काळसर लोंबी. कर्जत ३, रत्नागिरी २४ ही संशोधन केंद्रांनी दिलेली नावं, त्यात गाव आणि आकडा, जिभेला काही नाही. ‘फुले समृद्धी’ ऐकून माझ्या एका डबेवाल्या ताईंनी विचारलं होतं की याला फुलांचा वास येतो का. ते ‘फुले’ राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. इंद्रायणी हे नदीचं नाव. ते ऐकलं की आळंदी, देहू, टाळ-मृदंग आठवतात, भात नंतर. आंबेमोहोर मात्र थेट नाकाशी बोलतं. माघ-फाल्गुनात आंब्याच्या झाडाखालून जाताना जो गोडसर, किंचित तुरट दरवळ येतो, तो शिजताना येईल, असं ते नाव आधीच सांगून टाकतं. रंग नाही, आकार नाही, गाव नाही. नुसता वास. असं नाव मिरवणाऱ्या तांदळाला वासच नसेल तर त्यात उरलं काय?

मध्यंतरी एका मोठ्या दुकानातून आणलेल्या पाकिटाची गोष्ट सांगते. पाकिटावर मोहोरानं लगडलेली फांदी, सोनेरी अक्षरं, आणि ‘अस्सल पारंपरिक सुगंध’. पाकीट कापल्या कापल्या स्वयंपाकघर भरून गेलं. तांदूळ धुतला आणि तो वास पाण्याबरोबर मोरीत गेला. शिजल्यावर पातेल्यात फक्त भात होता. खरा सुवासिक तांदूळ याच्या बरोब्बर उलटा वागतो. पोत्यात तो मुका असतो, फार तर थोडा मंद, आणि आधणाला उकळी फुटली की बोलायला लागतो. तेव्हापासून पाकीट उघडताच अंगावर येणारा वास मला नको वाटतो.

काकांची परीक्षा करायची पद्धत याच अनुभवावर बेतलेली आहे, आणि ती बघण्यासारखी आहे. ते पोत्यातून मूठभर तांदूळ घेतात, दोन्ही तळहातांमध्ये चांगला चोळतात, मग मूठ सैल करून आत तोंडाची गरम वाफ सोडतात आणि लगेच मूठ मिटतात. चार-पाच क्षण थांबतात. मग मूठ तुमच्या नाकापाशी आणून हळूच उघडतात. चोळल्यानं दाणा तापतो, वाफेनं ओलसर होतो, आणि पातेल्यात जे होणार असतं त्याची चुणूक मिळते. तोवर ते पुठ्ठ्यावर हात ठेवून असतात.

“आधी वास घ्या ताई, नाव मग वाचा,” म्हणतात. “नाव वाचलं की नाक त्याचंच ऐकतं.”

मी हे स्वतः पडताळून बघितलं. माझ्या डब्यात रोजच्या पदार्थांची चिठ्ठी असते. नुसतं ‘वरण-भात’ लिहिलं की भाताबद्दल कोणी काही बोलत नाही. ‘वरण, आंबेमोहोर भात’ लिहिलं की दुपारी फोनवर दोन-तीन मेसेज ठरलेले: काय वास होता हो आज, आजीची आठवण आली. एकदा मी आजऱ्याचा घनसाळ शिजवला आणि चिठ्ठीत काहीच लिहिलं नाही. घनसाळ मुळात सुवासिक, त्या दिवशी जिन्यापर्यंत घमघमाट होता. संध्याकाळी मेसेज आले: “काकू, आज आंबेमोहोर होता ना?” नंतर एकदा चिठ्ठीत ‘घनसाळ’ असं ठसठशीत लिहून पाठवला. पुणेकरांपैकी कोणीच काही बोललं नाही. कोल्हापूरकडच्या एका मुलानं मात्र मेसेज केला, तोही नुसताच तीन उद्गारचिन्हांचा.

यातून मला जे कळलं ते मी काकांनाही सांगितलं. पुण्याच्या नाकात सगळा चांगला वास एकाच नावाखाली जमा झालाय. घनसाळ हे नाव पुण्यात काहीच जागं करत नाही, आणि आजरा तालुक्यातल्या माणसाच्या तोंडाला त्याच नावानं पाणी सुटतं. नाव तेच, अक्षरं तीच, फरक फक्त कोणी काय जेवलंय याचा. घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आंबेमोहोरालाही आहे, वाड्याच्या कोलमला २०२१ साली मिळालं. मानांकनानं नावाला कायद्याचं कुंपण पडतं, ते पडायलाच हवं होतं. पण कुंपणाच्या आतली ओळख ताटातूनच तयार होते.

माझी भाची भाषाशास्त्र शिकते, तिला मी हे सांगितलं तेव्हा ती दुसऱ्या बाजूनं भांडली. तिचं म्हणणं, नुसता आवाजही पुष्कळ काही सांगतो. २००१ साली रामचंद्रन आणि हबर्ड या दोन मेंदूतज्ज्ञांनी लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, एक टोकदार काट्यांची, एक गोल फुगीर. यातली ‘किकी’ कोणती आणि ‘बूबा’ कोणती असं विचारलं. शब्दांना काही अर्थ नव्हता, तरी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांनी टोकदार आकृतीला किकी म्हटलं. २००४ साली एका अभ्यासात आइस्क्रीमला दोन बनावट नावं दिली, ‘फ्रिश’ आणि ‘फ्रॉश’. लोकांना फ्रॉश जास्त दाट, जास्त मऊ वाटलं, निव्वळ नावावरून. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका कुटुंबानं तर १९६० च्या सुमारास आइस्क्रीमसाठी ‘हागेन-डाझ’ हे नाव काढलं. त्याला कुठल्याही भाषेत अर्थ नाही, फक्त ते डेन्मार्ककडचं वाटावं, थंड हवेचं, सायीचं, एवढाच हेतू. आणि ते जगभर चाललं.

तिचं मला पटलं, कारण हा पुरावा माझ्या फोनमध्ये रोज येतो. भाताबद्दल लोक तक्रार करतात तेव्हा कोणते शब्द वापरतात बघा. फडफडीत झालाय. गिच्च गोळा झालाय. कणी राहिलीय. आजारी माणसासाठी आसट पाठवा. बाळासाठी गुरगुट्या करा. ‘फडफडीत’ म्हणताना ओठ आणि जीभ कोरडी आपटते, शितं एकमेकांना न चिकटता ताटात पडल्यासारखी. ‘गिच्च’ म्हणताना जीभ टाळूला चिकटून बसते. ‘गुरगुट्या’ या शब्दात तर पातेलंच वाजतं, मंद आचेवर झाकण ठेवून जास्त पाण्यात शिजणाऱ्या भाताचा तो आवाज. हे शब्द कोणी कंपनीत बसून तयार केलेले नाहीत. चुलीपाशी उभ्या राहिलेल्या बायकांच्या कानातून ते आलेत, आणि म्हणून ते कधी खोटे पडत नाहीत. ‘गुरगुट्या’ सांगितलं की मला किती पाणी घालायचं ते कळतं, दुसरं काही विचारावं लागत नाही. दुकानातल्या पोत्यावर ‘प्रीमियम’, ‘गोल्ड’, ‘रॉयल’ लिहिलेलं असतं तेव्हा मात्र मला काहीच कळत नाही, ना पाणी, ना वेळ, ना वास.

काकांकडे म्हणूनच मी शिजलेल्या भाताच्या भाषेत माल मागते. “काका, मसालेभाताला फडफडीत हवा,” म्हटलं की ते जुना कोलम काढतात. “आसट हवा, मेतकूट-तुपाबरोबर,” म्हटलं की नवी इंद्रायणी. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, फुगतो, मोकळा होतो. नवा लवकर शिजतो आणि चिकट राहतो. वासाचं गणित याच्या उलट: नवा सुवासिक तांदूळ जास्त दरवळतो, साठवणीत वास हळूहळू उडून जातो. त्यामुळे ‘जुना आंबेमोहोर, भरपूर सुवास’ असं कोणी ठामपणे विकत असेल तर जरा थांबून मूठ चोळून बघावी.

हा वास कशाचा असतो, तेही सांगते. १९८२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी सुवासिक तांदळातलं मुख्य द्रव्य ओळखलं, टू-ॲसिटिल-वन-पायरोलीन. अगदी नगण्य प्रमाणातही ते नाकाला कळतं. बासमतीत तेच, आंबेमोहोरात तेच, ताज्या भाजलेल्या पावाच्या कडेला आणि पॉपकॉर्नमध्येही तेच. आणि ते एका पानातही असतं. केवड्याच्या जातकुळीतलं, लांबट, तलवारीसारखं हिरवं पान, ते भातात टाकलं की साध्या तांदळालाही सुवास येतो. कोकणात आणि पुण्यातही पुष्कळ घरांच्या बाल्कनीत त्याची कुंडी असते, आणि त्याला आपल्याकडे ‘आंबेमोहोर पान’ म्हणतात. मला हे फार आवडतं. आंब्याच्या मोहोराचं नाव तांदळानं घेतलं, तांदळाचं नाव पानानं घेतलं, आणि ते पान आता कोलमाच्या पातेल्यात पडून पहिल्या दोघांची आठवण करून देतं. माझ्याकडेही एक कुंडी आहे. डब्यात ते पान घातलं की मी चिठ्ठीत ‘आंबेमोहोर भात’ लिहीत नाही, ‘पान घालून भात’ लिहिते.

नावाची किंमत रुपयांत केवढी असते ते बासमतीनं दाखवलंय. १९९७ साली टेक्सासच्या राइसटेक कंपनीनं बासमतीच्या वाणांवर अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. भारतानं हरकत घेतली, पुराव्यांचे गठ्ठे गेले, आणि शेवटी त्या पेटंटमधले बहुतेक दावे निघाले, शीर्षकातूनही बासमती शब्द गेला. एका शब्दासाठी सरकारं लढली, कारण तो शब्द ऐकून लंडनपासून दुबईपर्यंत लोकांच्या नाकाला वास यायला लागतो. आपल्या मुळशी-भोरच्या आंबेमोहोरासाठी असं कोणी लढायला जाणार नाही. त्याचा एकरी उतारा कमी, दाणा जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा आणि नाजूक, गिरणीत तुकडा पडतो. शेतकऱ्यानं इंद्रायणी लावली तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झाली, १९८७ साली प्रसारित झाली. थोडा सुवास आईकडून आला, उतारा दुसरीकडून आला. मावळातल्या घरांना तिनं हात दिला आणि माझ्या डब्यांनाही. तिला सुवासाचं नाव मिळालं नाही, नदीचं मिळालं, तरी नवी इंद्रायणी शिजताना शेजारच्या काकू दारात येऊन ‘आज काय केलंय’ विचारतातच.

दुकानाबद्दल तक्रारीही आहेत, त्या स्पष्ट सांगते.

एक पोतं मला खटकतं. त्यावर नुसतं ‘स्पेशल खिचडी’ असं लिहिलेलं असतं, ना जात, ना गाव. चौकशी केली तर कळलं की वेगवेगळ्या सुवासिक तांदळांचा तुकडा आणि कणी एकत्र केलेली असते. मऊ खिचडीला आणि खिरीला ती चांगलीच लागते, भावही बरा आहे. पण मग पुठ्ठ्यावर ‘मिश्र तुकडा’ लिहावं. ज्या माणसानं ‘आंबेमोहोर नव्हे’ लिहायची हिंमत दाखवली त्याच्याकडून माझी तेवढी अपेक्षा आहे. काकांना बोलले. “गिऱ्हाईक तुकडा वाचलं की पुढे जातं ताई,” म्हणाले. ते खरं असेल, तरी मला पटलेलं नाही.

दुसरं, माल निवडून घ्यावा लागतो. मुळशीकडच्या लहान गिरण्यांमधून येणाऱ्या आंबेमोहोरात खडा सापडतो, क्वचित साळही. पाखडायची आणि निवडायची सवय नसेल तर त्रास होईल. पॉलिश ते कमी करून घेतात, त्यामुळे दाणा पांढराशुभ्र दिसत नाही, किंचित पिवळट वाटतो. कोणी घरी तो रंग बघून जुना समजतं. तसं नाही. हातसडीचा मात्र कायम मिळेल असं नाही, विचारून ठेवावं लागतं.

दुकान अंधारं आहे, वजन करायला वेळ लागतो, आणि घाईच्या वेळी काका बोलत नाहीत. सकाळी हमालांची गाडी उतरत असते तेव्हा जाऊ नये. दुपारी दोननंतर गेलात तर मुठी चोळून दाखवायला त्यांना सवड असते. फोनवरून ऑर्डर घेतात, पण पहिल्या खेपेला स्वतः या असा त्यांचा आग्रह असतो, आणि तो योग्य आहे.

भावांचं म्हणाल तर मी शेवटचा माल भरला तेव्हा नवी इंद्रायणी किलोला ६८ रुपये होती, मुळशीचा आंबेमोहोर १४०, घनसाळ १३०, आणि तो ‘आंबेमोहोर नव्हे’वाला आंध्रचा ८५. म्हणजे नाव लपवलं असतं तर किलोमागे ५५ रुपये सहज सुटले असते. रोज इंद्रायणी, सणावाराला आणि पाहुण्यांना आंबेमोहोर, असा माझा हिशोब बसलाय. साध्या वरणभाताला लिंबू, तूप आणि हा तांदूळ असेल तर भाजी नसली तरी डबा परत येताना रिकामा येतो.

नवा आंबेमोहोर साधारण जानेवारीत येतो आणि होळीच्या आसपास संपतो. माल थोडाच असतो, म्हणून संक्रांतीच्या आधीच सांगून ठेवा. घरपोच हवा असेल तर दहा किलोच्या खाली ते पाठवत नाहीत. आणि गेलात तर घनसाळच्या पोत्यातली मूठ नक्की मागा, पुठ्ठा वाचायच्या आधी.